रांगेतली खाजरी

ड्रेनोवा गावात ओब्रेनचं नाव निघालं की लोक आधी आपापल्या कुंपणाकडे बघायचे. ह्या माणसाने उभ्या जन्मात आपल्या आलुबुखाराच्या बागेत गवताची एक काडी टिकू दिली नव्हती. झाडांच्या रांगा दोरी लावून आखलेल्या, बुंधे कमरेपर्यंत चुन्याने रंगवलेले, आणि खालची जमीन अशी लख्ख झाडलेली की कोंबडीसुद्धा तिथे पाऊल टाकताना बिचकायची. एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं, पण छे! रविवारी चर्चमधून परतताना हा गृहस्थ वाट वाकडी करून सगळ्या गावाच्या कुंपणांवरून डोकावायचा आणि खणखणीत आवाजात म्हणायचा, "वा! यंदा गवताचं पीक जोरात आहे हो तुमच्याकडे!" झालं. घरातली बाई लाजेने चूर, आणि घरधनी भरल्या ताटावरून उठून विळा शोधायला.

शेजारच्या रादिसाववर मात्र ह्या टोमण्यांचा काडीचा परिणाम होत नसे. रादिसाव म्हणजे ओब्रेनचा कूम, त्याच्या लग्नातला साक्षीदार आणि त्याच्या मुलीचा धर्मपिता. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाच्याही वर. माणूस सोन्यासारखा, पण कामाचं नाव काढलं की दे रे हरी खाटल्यावरी! त्याच्या आजोबांनी लावलेली झाडं, त्यांच्याखाली कंबरभर गवत. फांदी मोडली तर जिथे पडली तिथेच कुजायची. गाईच्या पाण्यासाठी अंघोळीचा एक जुना टब बागेत आणून ठेवला होता. गाय विकून जमाना झाला, टबात आता बेडूक नांदत होते. दोघांच्या बागांमधलं कुंपण रादिसावच्या बाजूच्या हेझलच्या झुडपांनी कधीच गिळून टाकलं होतं.

"लेका, लाज नाही वाटत तुला?" ओब्रेन त्या झुडपांवरून ओरडायचा.

"वाटते रे," आतून रादिसाव म्हणायचा. "पण मी उठेपर्यंत निघून जाते."

ओब्रेनची बायको कोसाना वारली त्यानंतर त्याच्या घरात एकच ताट लागायचं. मुलगी विदा शेतकी शिकलेली. बेलग्रेडला चांगली पदवी घेतली, पण नोकरी कुठे मिळेना, शेवटी व्हिएन्नाला जाऊन हॉटेलातल्या खोल्या साफ करायला लागली. दर रविवारी तिचा फोन यायचा, आणि दर रविवारी हवापाण्याचं बोलून झालं की ओब्रेन विचारायचा, "मग? कधी येतेस?" ती म्हणायची, "बघू." ह्या वसंतात मात्र ती "बघू" म्हणाली नाही.

"बाबा, एक काम मिळण्यासारखं आहे. आपल्याच भागात," ती म्हणाली. "एका संस्थेला शिकण्यासाठी एक बाग हवीये. जिथे झाडं, गवत, किडे, पाखरं एकमेकांना सांभाळतात, विष मारावं लागत नाही, अशी. बाग मिळाली तर ती चालवायला मला ठेवणार आहेत."

"मग आपली घे की! आपल्यासारखी बाग आहे का कुणाची?"

"आपल्या बागेला ओढा आहे, तो जुना पोकळ नासपती आहे, सगळं आहे. पण जमीन मेलीये हो, बाबा."

"मेली? अगं, कालच झाडली मी!"

"म्हणून तर मेली!" विदा हसली, पण मग समजावून सांगायला लागली. उघडी जमीन उन्हात भाजते आणि पावसात वाहून जाते. बाबा औषध मारतात त्याने मावा मरतो, आणि मावा खाऊन जगणारे ढालकिडेही मरतात. मावा लगेच परत येतो. ढालकिडे कशाला येतील? त्यांना राहायला ना गवत, ना झुडूप, ना पालापाचोळा. "एक हंगाम काही करू नका. कापू नका, फवारू नका, झाडू तर मुळीच नका. जुलैत सेंट पीटरचा सण झाला की ते लोक बघायला येतील. पसंत पडली तर मी येते. कायमची."

"काहीच करायचं नाही?"

"काहीच नाही. दिवसभर इथे मी साफसफाईच करते, बाबा. घरी आले तर मला थोडी घाण हवी."

कायमची! ह्या एका शब्दासाठी ओब्रेनने बाग काय, डोक्यावरचं छप्परही काढून दिलं असतं. पण गावाला काय सांगायचं? ज्याने जन्मभर लोकांच्या गवतावरून लोकांना जेवू दिलं नाही, त्याने आता चौकात उभं राहून म्हणायचं, की बाबांनो, गवत चांगलं असतं? थुंकलेलं चाटायचं? ते काही त्याच्याने होईना. त्याने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत, कण्हत, कमरेत वाकून तो दुकानात गेला.

"पाठ गेली," त्याने जाहीर केलं. "डॉक्टर म्हणतो विळ्याला हात लावायचा नाही."

विदाने फोनवर विचारलं, "लोकांना सांगितलंत ना, मुद्दाम वाढवतोय म्हणून?" तर हा म्हणाला, "हो तर! सांगितलं की!" एका थापेला दुसरी थाप टेकू. अशी इमारत कधी उभी राहिली आहे का?

पण काय सांगावं, काही न करण्याचं काम त्याला नांगरणीपेक्षा जड गेलं. पहिले काही दिवस तो अंगणातल्या बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा. तणाचा प्रत्येक कोंब त्याला खिजवत वर येत होता. खाजरी आली, हात लागला तर कोपरापर्यंत आग उठवणारी. रानगाजर आलं, निळ्या फुलांची चिकोरी आली, नावही माहीत नसलेली कसली कसली झुडपं आली. मग मावा आला. कोवळी पानं वळायला लागली तेव्हा ओब्रेन तीन वेळा फवाऱ्यापर्यंत जाऊन परत फिरला. आणि चौथ्यांदा निघाला तर काय, खाजरीच्या पानांवर ढालकिड्यांची ही गर्दी! लाल, ठिपक्यांचे, पोरांच्या गोष्टीतल्यासारखे. थोड्याच दिवसांत ते झाडांवर चढले आणि माव्याचा फडशा पाडून मोकळे झाले. ओब्रेन तोंडात बोट घालून बघत राहिला.

पोकळ नासपतीत हुदहुदाच्या जोडीने घर केलं. तुरा फुलवून नर गवतात उतरायचा, चोचीने माती उकरून अळ्या काढायचा आणि ढोलीत नेऊन पिल्लांना भरवायचा. ओब्रेनने गवत बाजूला सारून माती हातात घेतली, तर ती ओली. जून अर्धा सरला, पाऊस नाही, आणि माती ओली! त्याला हे कुणालातरी सांगायचं होतं. कोसानाला सांगितलं असतं. ती नव्हती, म्हणून त्याने हुदहुदाला सांगितलं, आणि माणसाची चाहूल लागताच पुन्हा कण्हायला सुरुवात केली.

कारण चाहूल सारखी लागत होती. दोब्रिला मावशी, गावातली सगळ्यांत म्हातारी बाई, रोज हंसाची चरबी आणि आलुबुखाराची घरगुती दारू, राकिया, घेऊन यायची. चरबी पाठीला, राकिया पोटात. तिच्या बोटांत अशी ताकद की खोटी पाठ खरोखर दुखायला लागली.

"पाठीचं दुखणं नाही हे," मावशी बाहेर जाऊन बायकांना सांगायची. "कोसाना गेल्याचं दुखणं आहे. बाग बघा त्याची. माणूस आतून संपला की आधी दाराशी गवत उगवतं."

सगळ्यांत जास्त रादिसाव खचला. रोज संध्याकाळी तो येऊन ओब्रेनशेजारी बाकावर बसायचा, माजलेल्या बागेकडे बघायचा आणि सुस्कारे टाकायचा.

"मला शिव्या घाल रे," एकदा तो काकुळतीला येऊन म्हणाला. "किती दिवस झाले, मला आळशी म्हणाला नाहीस. मला जेवण जात नाही."

"तू आळशी आहेस," ओब्रेन पुटपुटला.

"असं नाही! मनापासून म्हण!"

ओब्रेनच्या अगदी ओठांवर आलं होतं, सांगून टाकावं. पण मग हा हसेल, गाव हसेल, आणि रविवारी सगळे मिळून त्याच्याच कुंपणावरून डोकावतील. त्याने तोंड मिटून घेतलं. तिथेच चुकलं सगळं!

सण झाला आणि तो शनिवार उजाडला. ओब्रेनने कोट चढवला, गावाला सांगितलं की पाठ दाखवायला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात चाललोय, आणि सकाळच्या बसने विदाला आणि संस्थेच्या बाईंना आणायला गेला. बस वळणाआड गेली, आणि रादिसाव, ज्याने आजवर स्वतःचं गवत कापलं नव्हतं, तो घरोघरी जाऊन दारं ठोठावू लागला.

आमच्याकडे मोबा म्हणून एक रीत आहे. एखाद्याचं काम अडलं की गाव जमतं आणि ते उरकून टाकतं. मजुरी नाही, फक्त घरमालकाने पोटभर जेवू घालायचं. एरवी मोबा बोलावावी लागते. पण ओब्रेननेच गावाला शिकवलं होतं, की अडलेला माणूस लाजेने बोलावत नाही, त्याच्या दारी न बोलावता जावं. गावाने बाकी काही ऐकलं नसेल त्याचं, हे मात्र मनावर घेतलं होतं.

दुपारी विदा, ओब्रेन आणि संस्थेच्या झागोर्का बाई मोटारीतून आले. बाई चष्मा लावणाऱ्या, गंभीर, पायात गमबूट. वाटभर ओब्रेन ताठ बसून ढालकिड्यांच्या गोष्टी सांगत होता. विदा बापाकडे अशी बघत होती की त्याला वाटलं, आता ही पोर कुठे जात नाही.

वळण संपलं आणि बाग दिसली. ती बाग कसली, हजामत केलेलं डोकं! कुंपणापासून ओढ्यापर्यंत गवताची काडी नाही. बुंधे कमरेपर्यंत पांढरेशुभ्र. नासपती नव्हताच. त्याच्या जागी सरपणाची रास, तीही ओब्रेनला आवडते तशी, काठाला काठ लावून रचलेली. आणि वाऱ्यावर फवारणीच्या औषधाचा उग्र वास. अंगणात अक्रोडाखाली टेबलं मांडलेली, कोकरू भाजत लावलेलं, आणि सगळं गाव घामाने निथळत, हातात लांब दांड्याचे विळे घेऊन हसत उभं.

रादिसाव पुढे आला. त्याच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते, आणि ते तो मुलासारखे पुढे धरून दाखवत होता.

"बघ!" तो म्हणाला. "मी केलं! पहिल्यांदा विळा मी चालवला! फवारा पण मारला, दुप्पट मारला, तुझ्यासाठी! आता तू नुसता बरा हो!" मग झागोर्का बाईंकडे वळून त्याने टोपी काढली. "डॉक्टरीणबाई, वाचेल ना हो आमचा ओब्रेन?"

ओब्रेन बघतच राहिला. शिवी द्यावी तर कुणाला? दोब्रिला मावशी डोईच्या रुमालाने डोळे पुसत होती. तो मोटारीतून उतरला तो सरळ कण्याने उतरला, आणि तेवढ्यानेच त्याची लबाडी उघडी पडली.

"पाठ?" मावशीने विचारलं.

"पाठ ठणठणीत आहे," ओब्रेन म्हणाला. "गवत मी मुद्दाम वाढवलं होतं. विदा परत यावी म्हणून." आणि मग एकदम ओरडला, "त्या झाडात पिल्लं होती रे, नालायकांनो!"

"ती उडाली की," मागून कुणीतरी हळूच म्हणालं. "झाड पाडायच्या आधी उडाली. आम्ही थांबलो होतो."

कुणी हललं नाही. फक्त कोकरू भाजत होतं. विदा सरपणाच्या राशीवर बसली आणि तिने दोन्ही हातांत तोंड लपवलं. झागोर्का बाईंनी माती चिमटीत घेतली, वास घेतला आणि मान हलवली. "दुप्पट मारलंय. काही वर्षं तरी ही जागा घेता येणार नाही. वाईट वाटतं."

रादिसाव मटकन खाली बसला. "आयुष्यात एकदा काम केलं," तो म्हणाला, "एकदाच, देवा!"

पण रीत ती रीत. मोबा आली म्हणजे मालकाने वाढायचं. ज्यांनी आपल्या आशेला आग लावली त्यांच्याच ताटांत ओब्रेन कोकराचे तुकडे वाढत फिरला, चीजची भाकरवडीसारखी गुंडाळलेली रोटी वाढली, राकिया ओतली. लोक मान खाली घालून खात होते. नाही खावं तर अपमान, खावं तर घशाखाली उतरेना.

तेवढ्यात हुदहुद आला. नासपती जिथे होता तिथे दोन घिरट्या मारल्या, सरपणावर क्षणभर टेकला आणि हेझलच्या झुडपांवरून पलीकडे गेला. विदाने मान वर केली. ती उठली आणि झुडपांत शिरली. झागोर्का बाई तिच्यामागे गेल्या.

"तिकडे नका जाऊ!" रादिसाव धडपडत उठला. "विदा! अगं, पोरी, तिकडे लाज आहे सगळी! बाई, तिथे टब आहे, पाय अडकेल!"

कुणी ऐकलं नाही. बराच वेळ झुडपांमागून काहीच आवाज येईना. मग बाई बाहेर आल्या. केसांत कुसळं, चष्म्यावर कोळ्याचं जाळं, आणि गंभीर चेहऱ्याचं पार लहान मुलीचं तोंड झालेलं.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही हो," रादिसाव अपराध्यासारखा म्हणाला. "शपथेवर सांगतो, मी तिथे कशाला हात लावला नाही. कधीच."

"कुजलेलं लाकूड, बेडूक, तीन थरांची झाडी, जुनी झाडं. आणि तुमचा फवारा ह्या हेझलने अडवलाय. आत थेंब आला नाही." बाई बाकावर बसल्या. "अशी बाग आम्ही दोन वर्षं शोधतोय."

गावाला कळायला थोडा वेळ लागला. रादिसावला सगळ्यांत जास्त. कळलं तेव्हा तो आधी ओब्रेनकडे बघायला लागला, आणि ओब्रेन त्याच्याकडे. ज्याच्या आळसावर ओब्रेनने अर्धं आयुष्य तोंड वाजवलं, त्याच्या आळसावर आता शिक्कामोर्तब!

"विदा माझी धर्मकन्या आहे," रादिसाव शेवटी म्हणाला. "बाग तिला दिली. एकच अट. मला काही करायला लावू नका."

"तीच आमची अट आहे," झागोर्का बाई म्हणाल्या.

विदा शरद ऋतूत आली, बॅगा घेऊन, कायमची. ओब्रेनच्या घरात दोन ताटं लागली. पण सकाळ झाली की ती कुंपण ओलांडून पलीकडे जायची, आणि ओब्रेन आपल्या चकचकीत, मेलेल्या बागेत उभा राहून ऐकायचा. बेलग्रेडहून पोरं शिकायला यायची आणि रादिसाव झाडाखाली आडवा होऊन त्यांना सांगायचा, "हे बघा, मी हे सगळं आधीपासून तत्त्व म्हणून पाळत आलोय. लोक आळशी म्हणायचे. म्हणोत!" ओब्रेनच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मग विदाचं हसणं ऐकू यायचं, आणि आग आपोआप विझायची.

वसंतात त्याच्या झाडांवर मावा आला, आणि तो खायला कुणीही नव्हतं. त्या रविवारी चर्चबाहेर ओब्रेन चौकात उभा राहिला, टोपी हातात घेऊन.

"मला मोबा हवी," तो म्हणाला. "तण लावायचंय."

कुणी हसलं नाही, असं म्हणालो तर खोटं होईल. गाव पोट धरून हसलं. दोब्रिला मावशीला तर खांबाला धरावं लागलं. पण शनिवारी सगळे आले. ज्या कोपऱ्यांवरून त्याने त्यांना जन्मभर बोल लावले होते, त्याच कोपऱ्यांतून मुळांसकट उपटलेली खाजरी, चिकोरी, रानगाजर घमेल्यांत भरून आणलं. रादिसावने एक कुजका ओंडका आणला आणि तो वाहून आणल्याबद्दल दिवसभर विश्रांती घेतली. आणि प्रत्येकजण जाताना कुंपणावरून डोकावून ओरडला, "वा! ओब्रेन, यंदा गवताचं पीक जोरात येणार हो!"

उन्हं कलली तेव्हा विदा पलीकडून आली. लोक गेले होते. ओब्रेन एकटाच गुडघ्यांवर बसून, हातांत मोजे घालून शेवटची खाजरी लावत होता. दोन खुंट्या, त्यांच्यामध्ये ताणलेली दोरी, आणि दोरीच्या कडेने खाजरी, वीतभर अंतरावर, एकसारखी, ओढ्यापर्यंत.

विदा दोरीच्या कडेने ओढ्यापर्यंत जाऊन परत आली.

"बाबा."

"काय?"

"रांगेत?"

"मग? तण आहे म्हणून काय कसंही लावायचं?"

विदाच्या ओठांवर हसू आलं आणि डोळ्यांत पाणी. ती त्याच्याशेजारी खाली बसली. घमेल्यात उरलेलं एक रोप तिने उचललं, रांग सोडून हातभर बाजूला, वाकडं, जिथे मन झालं तिथे मातीत दाबलं आणि बापाकडे बघितलं.

ओब्रेनचा हात आपोआप पुढे झाला. त्या रोपापाशी थांबला. बोटं हवेतच दोनदा वळवळली. मग त्याने हात मागे घेतला आणि मोज्यासकट कोटाच्या खिशात घातला.

"राहू दे," तो म्हणाला. "तू लावलंस ना? मग तिथेच राहू दे."